सिग्नलआधीच्या पट्ट्यात चाकोरी: दोन्ही पीएमबी कागदावर पास, मग निवड कशावर करायची?

ऐरोली_क्यूसी

नमस्कार. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका जोडरस्त्याच्या नव्या थरासाठी बाइंडर (खडीला धरून ठेवणारे डांबर) ठरवायचे आहे. वाहतूक मुख्यतः कंटेनर ट्रेलरची, डिझाइन ४० एमएसए (दशलक्ष प्रमाण अक्षभार). जुना थर ४० मिमी बीसी (बिटुमिनस काँक्रीट, वरचा डांबरी थर), व्हीजी ४० या साध्या डांबरातला. सिग्नलआधीच्या ८० मीटरमध्ये चाकोरी (चाकांखाली पडलेला खळगा) १४ मिमी खोल आहे. सिग्नल ओलांडला की त्याच थरात, त्याच मिश्रणात ती ४ मिमीवर येते.

दोन पुरवठादारांचे पीएमबी (पॉलिमर मिसळलेले डांबर) ७६-१० आले आहेत. नमुना अ: सॉफ्टनिंग पॉइंट ७४ °से, १५ °से ला इलॅस्टिक रिकव्हरी ८२ टक्के, ७६ °से ला जी*/साइन डेल्टा (डीएसआर म्हणजे रिओमीटरवर मोजलेला ताठरपणा) मूळ बाइंडरचे १.४२ आणि आरटीएफओनंतर (ओव्हनमध्ये फिरत्या बाटल्यांत जुना केल्यावर) २.६१ किलोपास्कल. नमुना ब: सॉफ्टनिंग पॉइंट ७२, रिकव्हरी ८४, जी*/साइन डेल्टा १.३१ आणि २.७४. म्हणजे १.० आणि २.२ या किमान मर्यादा दोघेही ओलांडतात.

एमएससीआर (वारंवार ताण देऊन सोडण्याची चाचणी) दोन तापमानांना केली, दोन्ही वेळा आरटीएफओ अवशेषावर. ७६ °से ला अ चा जेएनआर (ताण काढल्यावरही शिल्लक राहणारी विकृती, प्रति किलोपास्कल) ०.१ किलोपास्कलवर १.१० आणि ३.२ वर २.३५, ब चा ०.९६ आणि १.३४. ६४ °से ला अ चा ०.३४ आणि ०.५२, रिकव्हरी ३१ टक्के. ब चा ०.२२ आणि ०.२६, रिकव्हरी ५८ टक्के.

प्रश्न असे. सॉफ्टनिंग पॉइंट अ चा जास्त असूनही एमएससीआरमध्ये तो मागे का? निवड ७६ च्या आकड्यांवर करायची की ६४ च्या? अ चा मूळ नमुना दुसऱ्या ऑपरेटरने लावला तर १.४२ ऐवजी १.३१ आले, एवढा फरक चालतो का? आणि व्हील ट्रॅकिंग (मिश्रणाच्या नमुन्यावर चाक फिरवून चाकोरी मोजणे) करायची गरज आहे का, की बाइंडरच्या चाचण्या पुरेशा आहेत?

रिओमीटरवाली_ठाणे

आधी तापमानाचा प्रश्न सोडवू. बाकीचा गोंधळ बराचसा तिथूनच येतो.

रस्ता किती तापतो ते आधी काढा. सुपरपेव्ह या अमेरिकी पद्धतीचे २० मिमी खोलीचे सूत्र असे: सर्वांत उष्ण सलग ७ दिवसांच्या कमाल हवेच्या तापमानाची सरासरी घ्या, त्यातून अक्षांशाच्या वर्गाची ०.००६१८ पट वजा करा, अक्षांशाची ०.२२८९ पट आणि ४२.२ मिळवा, बेरजेला ०.९५४५ ने गुणा आणि १७.७८ वजा करा. ठाणे-ऐरोलीचा अक्षांश १९.२ धरला की हवा ३८ असताना थर ६०.८ येतो, ४० ला ६२.७, ४१ ला ६३.७. सरासरी ४२ गेली तर ६४.६, म्हणजे ६४ ची पायरी ओलांडली. हवामान खात्याची जवळच्या केंद्राची जितक्या वर्षांची आकडेवारी मिळेल तितकी घ्या. कुलाब्याची मात्र घेऊ नका. समुद्रालगतचे केंद्र खाडीच्या आतल्या पट्ट्याला फसवते. या हिशोबाने तुमच्या रस्त्याचे तापमान ६४ आहे.

मग ७६ कुठून आले? संथ वाहतुकीला एक ग्रेड (६ अंश) वर आणि उभ्या वाहतुकीला दोन ग्रेड वर, या जुन्या पद्धतीतून. रस्ता ७६ पर्यंत तापत नाही. भार जास्त वेळ राहतो म्हणून चाचणीचे तापमान चढवून बाइंडर जाड घ्यायचा, अशी ती सोय होती. साध्या डांबराला ती चालून जाते. पॉलिमर घातलेल्या बाइंडरला चालत नाही, कारण ७६ ला पॉलिमरचे जाळे जसे वागते तसे ते ६४ ला वागत नाही.

आशटो या अमेरिकी संस्थेच्या एम ३३२ मानकात तापमान रस्त्याचेच ठेवतात आणि वाहतूक जड झाली की जेएनआरची मर्यादा आवळतात. ३.२ किलोपास्कलवरचा जेएनआर सर्वसाधारण वाहतुकीला म्हणजे एस श्रेणीला ४.५ पर्यंत, एच ला २.०, व्ही ला १.०, ई ला ०.५ प्रति किलोपास्कल. एच म्हणजे १ ते ३ कोटी प्रमाण अक्षभार, किंवा ताशी २० ते ७० किमीची संथ वाहतूक. व्ही म्हणजे ३ कोटींच्या वर, किंवा ताशी २० च्या खालची उभी वाहतूक. या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की ई. तुमचे ४० एमएसए म्हणजे ४ कोटी, वर गाड्या उभ्या. सिग्नलआधीचा पट्टा सरळ ई मध्ये जातो. ६४ °से ला अ चा ०.५२ हा व्ही मध्ये बसतो, ई मध्ये नाही. ब चा ०.२६ निवांत बसतो.

स्वीकार-नकार मात्र वेगळी बाब आहे. खरेदी आदेशात जे मानक, जी श्रेणी आणि जे तापमान लिहिले आहे, त्यावरच टँकर घ्यायचा किंवा परत पाठवायचा. ६४ चे आकडे रस्त्यासाठी निवड करायला आहेत. दोन्ही हिशोब एकाच रकान्यात लिहू नका.

आता अ मागे का. जी*/साइन डेल्टा मोजताना प्लेट १० रेडियन प्रति सेकंदाने हलकेच डोलते. विकृती मूळ बाइंडरला १२ टक्के आणि आरटीएफओनंतरच्याला १० टक्के. एवढ्या लहान हालचालीत पॉलिमरचे जाळे तुटतही नाही आणि त्याची परत येण्याची ताकदही दिसत नाही. त्यात साइन डेल्टाचा स्वभाव पाहा. फेज अँगल (डेल्टा) ८४ असताना साइन ०.९९५, तो ६६ वर आला तरी ०.९१४. लवचीकपणात जमीन-अस्मानाचा फरक पडला आणि आकडा जेमतेम ९ टक्के वाढला. म्हणून नुसते जाड केलेले डांबर आणि नीट पॉलिमर मुरलेले डांबर या चाचणीत शेजारी-शेजारी उभे राहतात.

एमएससीआरमध्ये १ सेकंद ताण, ९ सेकंद विसावा. ०.१ किलोपास्कलवर २० आवर्तने, त्यातली पहिली १० नमुना स्थिरावण्यासाठी; लगोलग ३.२ वर १०. तुमच्या अ चे ६४ चे आकडे उलगडले तर ३.२ किलोपास्कलवर एका आवर्तनात विकृती सुमारे २४१ टक्क्यांवर जाते आणि विसाव्यानंतर १६६ टक्के शिल्लक राहते. २.४१ वजा १.६६, भागिले २.४१, म्हणून रिकव्हरी ३१ टक्के. १.६६ भागिले ३.२, म्हणून जेएनआर ०.५२. जे शिल्लक राहते तीच चाकोरी.

पॉलिमर खरेच काम करतो का हे पाहायला रिकव्हरीची किमान रेषा आहे: २९.३७१ गुणिले जेएनआरचा उणे ०.२६३३ घात. अ साठी ती ३४.९ टक्के येते आणि त्याची रिकव्हरी ३१, म्हणजे रेषेखाली. ब साठी ४१.९ हवी, आहे ५८. माझ्या मते अ मध्ये पॉलिमर कमी आहे किंवा तो नीट जोडला गेलेला नाही, आणि सॉफ्टनिंग पॉइंट दुसऱ्या कशाने तरी वर नेला आहे. मेण घातले किंवा मूळ डांबर कडक घेतले तरी ३.५ ग्रॅमची गोळी उशिरा खाली येते. १५ °से ची इलॅस्टिक रिकव्हरीसुद्धा इथे कामाची नाही. ती पॉलिमर आहे एवढे सांगते. ६४ ला तो काय करेल ते सांगत नाही.

कोअर_कटर

बाइंडर निवडण्याआधी जुनी चाकोरी कोणत्या थरात आहे ते पाहिले का? ताईंचे सगळे मान्य आहे, पण चाकोरी जर खालून आली असेल तर वरच्या ४० मिमीत सोने ओतले तरी ती परत येणार.

रस्त्याच्या आडव्या रेषेत पाच कोअर घ्या: दोन्ही चाकपट्ट्यांत एकेक, मध्ये एक, दोन्ही कडांना एकेक. प्रत्येक थराची जाडी वेगवेगळी मोजा. चाकपट्टीत बीसी २८ मिमी आणि शेजारी ४२ भरला, खालचा डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम) सगळीकडे सारखा, तर डांबरी थरच सरकला आहे. सगळे थर सारख्या जाडीचे आणि सगळेच खाली बसलेले, तर दोष खडीच्या थरात किंवा भरावात. नुसत्या डोळ्यांनीही अंदाज येतो. चाकोरी अरुंद आणि तिच्या दोन्ही बाजूंना उंचवटे असतील तर मिश्रण बाजूला ढकलले गेले आहे. बशीसारखा रुंद खळगा असून उंचवटा नसेल तर खाली बघा. ३ मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवली की हे लगेच कळते.

तुमच्याकडे सिग्नलनंतर ४ आणि आधी १४ आहे, तेव्हा शंका डांबरी थरावरच जाते. तरीही चाकपट्टीच्या कोअरमधली पोकळी मोजाच. ती ३ टक्क्यांखाली उतरली असेल तर खडीचा सांगाडा भार घेत नाही, डांबर घेते आहे. अशा मिश्रणाला पीएमबी थोडा वेळ सावरून धरतो, इतकेच.

ऐरोली_क्यूसी

धन्यवाद. उंचवटे आहेत, डाव्या बाजूला जास्त. कोअर या आठवड्यात काढतो.

१.४२ विरुद्ध १.३१ चे काय? यंत्र तेच, डबा तोच. आणि ७६ ला अ चा जेएनआर फरक ११४ टक्के येतो, मर्यादा ७५ आहे. यावरून त्याला बाद धरायचे का?

आरटीएफओ_तळोजा

८ टक्के फरक. एकाच डब्यातून, एकाच यंत्रावर एवढा यायला नको. पण तो कुठून येतो ते ठरलेले आहे, शोधायला फार वेळ लागणार नाही.

पहिला संशय ट्रिमिंगवर. समांतर प्लेटमध्ये मोजलेला जी* त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. यंत्र २५ मिमी व्यास धरून गणित करते. नमुना कडेने थोडा आत ओढला गेला आणि खरा व्यास २४.५ मिमी राहिला, तर ०.९८ चा चौथा घात ०.९२. इथेच तुमचे ८ टक्के आले. पद्धत अशी: प्लेटमधले अंतर १.०५ मिमीवर आणा, तापवलेल्या सुरीने कडेचा बाहेर आलेला बाइंडर प्लेटच्या कडेशी सपाट कापा, मग अंतर १.०० मिमीवर न्या. कडेला हलकासा फुगवटा दिसला पाहिजे. १.०० वर आणून मग कापणारे ऑपरेटर बरेच असतात. त्यांचे आकडे कायम खाली येतात. सुरी गार असेल तर पीएमबी कापला न जाता ओढला जातो आणि कडेला खाच पडते, तेही तेच.

दुसरा संशय तापमान. साधारण ६ °से ला जी*/साइन डेल्टा निम्मा होतो. म्हणजे १ अंशाला सुमारे १२ टक्के, आणि ०.७ अंशाला तुमचे ८ टक्के. यंत्राच्या पडद्यावर ७६.० दिसते म्हणून नमुना ७६.० ला आहे असे नाही. प्लेटमध्ये बसणारा पातळ तापमापक ठेवून तपासा आणि फरक नोंदवून यंत्रात सुधारणा करा. चाचणीआधी ०.१ अंशाच्या आत स्थिर होऊन १० मिनिटे जाऊ द्या. प्लेटमधले शून्य अंतरही चाचणीच्या तापमानालाच बांधा. गार प्लेटला बांधलेले शून्य ७६ ला प्लेट फुगली की खोटे ठरते.

तिसरे, नमुना कसा तापवला. डबा ओव्हनमध्येच तापवा, बर्नरवर कधीच नाही. ओतण्याइतका पातळ होईल एवढेच तापमान, आणि हलक्या हाताने ढवळा. जोरात ढवळले की हवेचे बुडबुडे अडकतात आणि पीएमबीमधून ते लवकर निघत नाहीत. एक डबा एकदाच तापवायचा. म्हणून टँकरवर एक लिटरचा मोठा डबा न भरता लहान डबे भरा. सिलिकॉनच्या साच्यात ओतलेली गोळी ४ तासांच्या आत लावा. पडून राहिली की बाइंडर आतून आवळतो आणि आकडा वर जातो. दोन ऑपरेटरांपैकी एकाने सकाळी आणि एकाने संध्याकाळी लावले असेल तर हेही कारण असू शकते.

आता आरटीएफओ. तुमची सगळी एमएससीआर त्याच अवशेषावर उभी आहे, आणि पीएमबीमध्ये सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. बाटलीत ३५ ग्रॅम, चक्र मिनिटाला १५ फेरे, हवा मिनिटाला ४ लिटर, १६३ °से, ८५ मिनिटे. साधे डांबर बाटलीच्या भिंतीवर पातळ पसरते. जाड पीएमबी पसरत नाही. त्याची वळकटी होऊन ती गडगडत राहते आणि आतले डांबर कच्चेच राहते. असा अवशेष मऊ निघतो आणि जेएनआर उगाच मोठा दिसतो. ओव्हन पातळीत नसेल तर वळकटी तोंडाकडे सरकून बाहेर टपकते. म्हणून पाणसळ लावून ओव्हन सपाट आहे का ते बघा. ओव्हन आधी पुरेसा वेळ चालू ठेवा, बाटल्या घातल्यावर ठरलेल्या वेळात तापमान परत १६३ ला येते का ते लिहून ठेवा, आणि हवेचा नळ बाटलीच्या तोंडासमोर नेमका येतो का तेही. वजनातील घट मोजायच्या दोन बाटल्या बाजूला ठेवा. बाकीच्या सगळ्या एकाच भांड्यात रित्या करा, भिंतीवरचे खरवडून घ्या, एकजीव ढवळा, मगच साच्यात ओता. एकाच बाटलीतून घेतलेला नमुना त्या बाटलीचा असतो, टँकरचा नाही.

८५ मिनिटे संपल्यावर बाटल्यांत वळकटी दिसली तर तसे अहवालात लिहा. हा शेरा कुणी लिहीत नाही आणि मग दोन प्रयोगशाळांचे आकडे का जुळत नाहीत यावर महिनाभर पत्रव्यवहार चालतो.

खारघर_मिक्स

जेएनआर फरकाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ७५ टक्क्यांची अट फार ताणू नये. हा आकडा गुणोत्तर आहे, ०.१ वरचा जेएनआर भाजक. चांगल्या, भरपूर पॉलिमर घातलेल्या बाइंडरमध्ये तो भाजकच ०.०३, ०.०४ असा येतो. मग वर ०.०८ आला तरी फरक १०० टक्के किंवा त्याहून जास्त. रस्त्यावर ०.०८ म्हणजे चाकोरी जवळपास नाहीच. आशटोनेही नंतर ०.५ आणि त्याखालच्या जेएनआरला ही अट सोडून दिली. तेव्हा नुसत्या ११४ टक्क्यांवर अ ला बाद करणे मला पटत नाही.

रिओमीटरवाली_ठाणे

तत्त्व बरोबर आहे, पण या नमुन्याला ते लागू होत नाही. भाजक लहान असला तरच गुणोत्तर फसवते. इथे ७६ ला भाजक १.१० आहे आणि अंश १.२५. दोन्ही आकडे चांगले मोठे आहेत. ताण वाढवला आणि बाइंडर दुपटीहून जास्त सरकला, हे प्रत्यक्ष घडले आहे, गणिताचा खेळ नाही. ब मध्ये तोच फरक ४० टक्के आहे. ६४ ला अ चा फरक ५३ टक्के येतो, म्हणजे मर्यादेत, हे मान्य.

यातून मी एवढेच घेते: अ ताणाला हळवा आहे. ट्रेलर जास्त भरला, किंवा मे महिन्यात थर हिशोबापेक्षा दोन-तीन अंश जास्त तापला, तर अ झपाट्याने घसरेल आणि ब हळूहळू. उरण फाट्याकडून येणाऱ्या कंटेनरचा अक्षभार दर वेळी नियमात असेलच असे धरून मी बाइंडर निवडणार नाही.

एक आडवळण. जुना थर व्हीजी ४० चा होता म्हणून अंदाज देते. आयएस ७३:२०१३ मध्ये व्हीजी ४० ची ६० °से ची निरपेक्ष श्यानता ३२०० ते ४८०० पॉइज आहे. खालची मर्यादा धरा, ३२० पास्कल-सेकंद. आरटीएफओनंतर ती अडीच पट झाली असे समजा (मानकात चौपटीपर्यंत परवानगी आहे), तर ८००. साध्या डांबराला रिकव्हरी नगण्य असते, त्यामुळे १ सेकंदाच्या ताणाला जेएनआर म्हणजे जवळपास १ भागिले श्यानता, किलोपास्कल-सेकंदात. १ भागिले ०.८ म्हणजे ६० ला १.२५. ६४ ला श्यानता आणखी सुमारे १.६ पट घटते, म्हणजे जेएनआर २.० च्या आसपास. एच श्रेणीच्या अगदी काठावर. पुढच्या बाजूला, जिथे ट्रेलर चालते असतात, तिथे हे निभावून गेले असणार. उभ्या गाड्यांखाली निभावणे कठीणच होते. हा निव्वळ हिशोब आहे, मोजणी नाही. कोअरमधून डांबर काढून डीएसआरवर लावले तर खरे कळेल, मात्र तो बाइंडर रस्त्यावर जुना झालेला असेल हे ध्यानात ठेवा.

खारघर_मिक्स

पटले. भाजक मोठा असताना फरकाकडे काणाडोळा करू नये.

व्हील ट्रॅकिंगच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. करा, आणि दोन्ही बाइंडरवर करा. बाइंडरच्या चाचणीत खडी नसते. एकच पीएमबी चांगल्या सांगाड्यात उभा राहतो आणि नैसर्गिक वाळू जास्त असलेल्या मिश्रणात वाहून जातो. आपल्याकडचा काळा दगड क्रशरमधून धारदार निघतो, ही जमेची बाजू. पण क्रशर डस्टमध्ये माती आली किंवा मिश्रणाचा वक्र वाळूच्या आकाराच्या भागात फुगला तर तो फायदा जातो.

हॅम्बुर्ग पद्धत, आशटो टी ३२४: पोलादी चाक ४७ मिमी रुंद, भार ७०५ न्यूटन, मिनिटाला ५२ फेऱ्या, पाण्यात, साधारण ५० °से ला, २०,००० फेऱ्यांपर्यंत. नमुन्यातली पोकळी ७ टक्के, अर्ध्या टक्क्याच्या आत. ही अट सैल सोडली तर चाचणीला अर्थ राहत नाही. एका बाइंडरचा नमुना ६ टक्क्यांवर आणि दुसऱ्याचा ८ वर ठोकला गेला, की तुम्ही बाइंडर नव्हे, ठोकणी मोजताय. १०१.६ मिमीचा मार्शल साचा इथे कामाचा नाही. १५० मिमीचे जायरेटरी नमुने किंवा रोलरने दाबलेली लादी हवी. टेक्सासमध्ये पीजी ७६ (७६ °से च्या ग्रेडचे बाइंडर) च्या मिश्रणाला २०,००० फेऱ्यांत १२.५ मिमीपेक्षा जास्त चाकोरी चालत नाही, पीजी ६४ ला १०,००० फेऱ्यांत. आपल्या करारात आकडा नसेल तर दोन्ही मिश्रणांची आपसात तुलना करायला हा मापदंड म्हणून ठेवता येईल.

आलेख मात्र नीट वाचा. चाकोरी बराच वेळ एका उताराने वाढते आणि मग एकदम उतार तीव्र होतो, तिथे डांबर खडीवरून सुटायला लागलेले असते. त्या वळणाआधीचा उतार बघा, तो चाकोरीचा. वळणानंतरची खोली पाण्याच्या खात्यात जाते. ठाणे-नवी मुंबईच्या पावसात दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण उपाय वेगळे: पहिल्याला बाइंडर आणि सांगाडा, दुसऱ्याला चुना किंवा अँटिस्ट्रिपिंग द्रव्य. नुसती शेवटची खोली वाचून बाइंडर बदलला तर औषध चुकेल. शंका असेल तर युरोपीय पद्धतीचे लहान यंत्र हवेत चालवता येते: ७०० न्यूटन, ६० °से, १०,००० आवर्तने, आणि ५,००० ते १०,००० मधला उतार मिमी प्रति १,००० आवर्तने. पाणी नसल्याने तिथे फक्त चाकोरी दिसते.

आणि कोअर_कटर साहेबांच्या मुद्द्याला जोडून: मार्शलच्या ७५ ठोक्यांवर पोकळी ४ टक्के आली म्हणून थांबू नका. सिग्नलआधी ट्रेलर तोच थर वर्षानुवर्षे त्याच दोन पट्ट्यांत दाबत राहतात. घनता वाढायची थांबेपर्यंत ठोका आणि मग पोकळी मोजा. ३ टक्के तरी उरायला हवी. उरत नसेल तर डांबराचे प्रमाण किंवा ग्रेडिंग बदला, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऐरोली_क्यूसी

ब कडे कल झाला आहे. पण प्लांटवर टाकीला ढवळणी नाही. टँकर रिकामा झाल्यापासून माल वापरून संपेपर्यंत दोन-अडीच दिवस जातात. त्याने फरक पडेल का?

आरटीएफओ_तळोजा

पडेल, आणि ब मध्येही पडू शकतो. पॉलिमर हलका असतो. नीट जोडलेला नसेल तर गरम टाकीत वर तरंगतो. वरून निघालेला माल एक आणि तळाचा दुसरा.

वेगळे होण्याची चाचणी करा: २५ मिमी व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीत ५० ग्रॅम बाइंडर, तोंड दाबून बंद, उभी ठेवून १६३ °से ला ४८ तास. नळी न हलवता फ्रीझरमध्ये घट्ट गोठू द्या, मग तीन समान तुकडे करा. मधला टाकून द्या. वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या सॉफ्टनिंग पॉइंटमध्ये ३ अंशांपेक्षा जास्त अंतर नको. माझा आग्रह असा की त्याच दोन तुकड्यांवर ६४ ला एमएससीआरही लावा. सॉफ्टनिंग पॉइंट दीड अंशाने वेगळा आणि रिकव्हरी मात्र निम्मी, असे होऊ शकते. हे तुकडे आरटीएफओ न झालेले असतील, तेव्हा त्यांचा जेएनआर एम ३३२ च्या मर्यादांशी ताडू नका. वरच्या-खालच्याची आपसात तुलना करा.

टाकीला ढवळणी बसवणे उत्तम. ती येईपर्यंत पंपाने तळातून वर सतत फिरवत ठेवा. तापमान १८० च्या पुढे रेंगाळू देऊ नका. टाकी रात्रभर १९० ला ठेवली की एसबीएस पॉलिमरच्या साखळ्या तुटू लागतात, माल सकाळी पातळ आणि हसतमुख दिसतो, पंपावर भार येत नाही म्हणून प्लांटवाले खूश, आणि रिकव्हरी गेलेली असते. याचा पुरावा फक्त टाकीतला नमुना देतो. पुरवठादाराचा दाखला टँकर भरला त्या क्षणाचा असतो.

रिओमीटरवाली_ठाणे

म्हणूनच निविदेत दोन जागचे नमुने लिहून घ्या. मी असे लिहीन: "सिग्नल, बस थांबा आणि टोल यांच्या आधीच्या पट्ट्यांसाठी बाइंडरचा आरटीएफओ अवशेषावर, ६४ °से ला, ३.२ किलोपास्कलवरचा जेएनआर ०.५ प्रति किलोपास्कलपेक्षा जास्त नसावा आणि रिकव्हरी किमान रेषेच्या वर असावी. नमुना प्रत्येक टँकरमधून आणि प्लांटच्या टाकीतून काम चालू असताना घ्यावा." पीएमबी ७६-१० आणि आयएस १५४६२:२०१९ हे तर राहतेच, ही ओळ त्यावर जास्तीची. बाकीच्या मोकळ्या लांबीला व्ही श्रेणी पुरेल, तिथे ई चा खर्च करू नका. मात्र एकाच दिवशी दोन बाइंडर प्लांटवर आणू नका, पाइपमधला उरलेला माल मिसळतो. सिग्नलचे पट्टे वेगळ्या दिवशी, एका दमात करा.

नमुना घेताना टँकरच्या झडपेतून पहिले काही लिटर वाहू द्या, मग तीन डबे भरा: एक तुमचा, एक पुरवठादाराचा, एक सीलबंद, वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. झाकणावर लिहू नका, झाकणे बदलतात. डब्याच्या अंगावर टँकर क्रमांक, तारीख, वेळ, झडपेवरचे तापमान आणि दोघांच्या सह्या. टाकीच्या डब्यावर माल टाकीत किती तास होता तेही लिहा.

अ चा पुरवठादार रिकव्हरी वाढवून नवा नमुना देतो म्हणाला तर त्याला नाही म्हणू नका. फक्त ६४ ची पूर्ण एमएससीआर, ४८ तासांच्या नळीसकट, पुन्हा पहिल्यापासून करा.

कोअर_कटर

कोअर आले की थरांच्या जाड्या आणि चाकपट्टीतली पोकळी इथे टाका. डीबीएमही आकसलेला निघाला तर नुसता बीसी बदलून भागणार नाही, मिलिंग किती खोल करायचे ते त्यावर ठरेल.

ऐरोली_क्यूसी

टाकतो. डबे उद्यापासून लहान, आणि ट्रिमिंग १.०५ वर. अ चा मूळ नमुना दोन्ही ऑपरेटरांकडून एकाच दुपारी परत लावून आकडे कोअरसोबतच देतो.